मदत हवी आहे: लोनवरचे खेळाडू कायमचे घ्यायचेत

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबाचं कागदपत्रांचं काम बघतो. यंदा एका मोठ्या क्लबाकडून दोन पोरं लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, घेतली होती, एक गोलकीपर आणि एक डावा बॅक. गोलकीपरने तर संघाचा चेहराच बदलला. मागून ओरडून बचाव कसा उभा करायचा, हे आमच्या पोरांना त्याच्यामुळे समजलं. दोघांनाही इथेच राहायचंय.

अडचण करारात आहे. आम्ही कायम खरेदीचं कलमच घातलं नाही, तोंडी शब्दावर विसंबलो. आता तो क्लब फोनवर 'बघू' एवढंच म्हणतो. फिफाच्या नियमाप्रमाणे लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं आणि मुदत संपली की खेळाडू मूळ क्लबाकडे परत, एवढं मी वाचलंय. गोलकीपरचा तिथला करार सहा महिन्यांत संपतोय, म्हणजे त्याच्याशी आम्ही थेट बोलू शकतो. डाव्या बॅकचा मात्र अजून दोन वर्षं आहे, तिथे ट्रान्सफर फी आलीच.

विचारायचंय ते असं: गोलकीपरशी बोलण्याआधी मूळ क्लबाला लेखी कळवावं लागतं ना? तो एकवीसचा आहे, तर प्रशिक्षण भरपाई (त्याला घडवणाऱ्या क्लबांना द्यायची रक्कम) आमच्यावर येईल का? आणि फी हप्त्यांनी द्यायची असेल तर करारात काय लिहून घ्यावं? एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत असं काम कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पोरं रोज विचारतात.