मागितलं की मिळतंच, असं बायबल खरंच म्हणतं का?

मोहरीचा दाणा:
प्रार्थना करूनही बरं वाटलं नाही म्हणजे तुमचाच विश्वास कमी पडला, हे आजारी माणसाला तोंडावर सुनावणारे लोक बघितले की डोकं फिरतं. प्रेषित पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली, उत्तर आलं 'माझी कृपा तुला पुरे आहे', काटा काही गेला नाही. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू म्हणतो हा दुःखाचा प्याला टळो, पण माझ्या नाही तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि प्याला टळला नाहीच. माझ्या मते प्रार्थना म्हणजे आपलं मन देवाच्या इच्छेशी जुळवणं, मागण्यांची यादी नव्हे.

मध्यरात्रीचा पाहुणा:
मार्क 11:24 वाचा की. प्रार्थनेत जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल. यात 'अटी लागू' कुठे लिहिलंय? लूक 11 मध्ये तर येशू गोष्टच सांगतो, एकजण मध्यरात्री मित्राचं दार वाजवतो, पाहुणा आलाय तीन भाकरी दे म्हणतो, आतला म्हणतो दार लावलंय, पोरं माझ्याजवळ झोपलीत, आता उठवत नाही, आणि तरी शेवटी उठतो, का तर बाहेरचा लाज सोडून मागतच राहतो. 'तुझी इच्छा, तुझी इच्छा' करणं बऱ्याचदा नम्रता नसतेच, पदरी निराशा येणार हे आधीच धरून चाललेलं असतं. आणि येशूनेच शिकवलेल्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही मागणी नाही तर काय आहे?

मोहरीचा दाणा:
तुमच्याच मार्क 11 मधलं पुढचं 25 वं वचन का सोडलं? प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. झाली की अट. याकोब 4:3 पण बघा, मागता पण मिळत नाही कारण हेतू वाईट. आणि 1 योहान 5:14 मध्ये तर सरळ 'त्याच्या इच्छेप्रमाणे' आहे.

शंकेखोर:
मी नास्तिक, गंमत म्हणून वाचतोय. मिळालं तर देवाने दिलं, नाही मिळालं तर त्याची इच्छा नव्हती, म्हणजे देव कुठूनही बरोबरच! मत्तय 6:8 म्हणतं तुम्ही मागायच्या आधीच पित्याला गरज ठाऊक असते, मग मागायचं तरी कशाला?

जुनी पानं:
शंकेखोर, त्याच्या लगेच पुढे 9 व्या वचनापासून येशू प्रार्थना शिकवतो, म्हणजे गप्प बसा असं नाहीये, 'व्यर्थ बडबड' नको एवढंच. बाकी तुम्ही सगळे मिळालं-नाही मिळालं यातच अडकलात, जरा स्तोत्रं उघडा. 13 वं 'कुठवर, परमेश्वरा?' असं विचारतच सुरू होतं, 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी ते बायबलात ठेवलंच. आणि हन्ना आठवा, मूल होत नाही म्हणून रडून प्रार्थना करणारी. ओठ हलताहेत, आवाज नाही, याजक एलीला वाटतं बाई पिऊन आलीये, ती म्हणते नाही हो, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. नंतर उठते, जेवते, चेहरा खुलतो, आणि तेव्हा मुलाचा अजून पत्ता नाही!

मध्यरात्रीचा पाहुणा:
पण शमुवेल झालाच ना? तिने मुलगा मागितला, मुलगाच मिळाला. चेहरा पण एलीने 'देव तुझी मागणी पुरवो' म्हटल्यावर खुलला, हे बरं विसरलात.

मोहरीचा दाणा:
आणि दावीद राजाचं आजारी बाळ? ते वाचावं म्हणून त्याने उपास केला, रात्र रात्र जमिनीवर पडून राहिला, सातव्या दिवशी बाळ गेलं. मग उठला, अंघोळ केली, आराधना केली आणि जेवायला बसला.

मध्यरात्रीचा पाहुणा:
ती शिक्षा होती, नाथान संदेष्ट्याने आधीच सांगितलं होतं. तुम्हीच वर आजाऱ्यांच्या बाजूने बोलत होतात ना, मग त्यांना दावीदाच्या पापाशेजारी कशाला बसवता? याकोब 5 बघा, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवेल. सोसत बसा असं कुठे म्हटलंय?

मोहरीचा दाणा:
सोसत बसा असं मी पण म्हटलं नाही. पण याकोबात ती प्रार्थना वडिलांनी करायची आहे, आजारी माणूस फक्त त्यांना बोलावतो. मग तो बरा झाला नाही तर विश्वास कोणाचा तपासायचा, त्याचा की तेल लावणाऱ्यांचा?