लेखकाची मुलाखत, फक्त कानांसाठी

प्रश्न: आमच्या बोलत्या पुस्तकांच्या वाचनालयासाठी मी इथल्याच लेखकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करते. परवा एक कवी पुस्तक उघडून म्हणाले, "हे चित्र बघा ना!" आणि मी नुसतं "वा!" म्हणून मोकळी. घरी ऐकताना लाज वाटली. शिवाय सव्वा तासाची सलग फाइल, हवा तो प्रश्न सापडत नाही. काय करू?

उत्तर १: मी अंध वाचक. डेझी स्वरूपात करा, म्हणजे मथळ्यांवरून हवं तिथे जाता येणाऱ्या बोलत्या पुस्तकांच्या स्वरूपात, आणि प्रत्येक प्रश्नाला मथळा द्या. बटण दाबलं की थेट पुढचा प्रश्न. पानं उलटल्याचा आवाज मात्र कापू नका हो, मला आवडतो.

उत्तर २: कवींनी कविता वाचल्या का? २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारातली कॉपीराइटची सवलत छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांपुरती आहे. मुलाखत सर्वांसाठी खुली ठेवणार असाल, तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या.

प्रश्नकर्ती: परवानगीचं डोक्यातच नव्हतं! चित्राचं विचारायला कवींना फोन केला. म्हणाले, "छत्री उलटी झालीय, आणि पोरगं हसतंय." तेवढंच जोडतेय.