दूध पाजताना घ्यायचे आवरण घरी कसे शिवावे?

घणसोलीची आई: बाळाला घेऊन ठाणे-वाशी लोकलने माहेरी जाताना अनेकदा वाटेतच पाजावे लागते आणि ओढणी सारखी घसरते, म्हणून गळ्यात अडकवता येईल असे आवरण शिवायचे आहे. कापड किती घ्यावे? बाळाचा चेहरा मला दिसत राहावा यासाठी काय करावे?

नौपाड्याची शिवणकार: ताई, सव्वा मीटर मलमल घ्या, आपल्या दमट हवेत सिंथेटिक कापड मुळीच नको. सुती कापड आटते, त्यामुळे आधी धुऊन मगच बेता. साधारण ३६ इंच रुंद व २६ इंच लांब तुकडा पुरतो. वरच्या काठाच्या मध्यावर सुमारे १५ इंचांची प्लास्टिकची बोनिंग पट्टी (कापडाला ताठपणा देणारी लवचिक पट्टी) दुमडीत घालून, तिची टोके टोचणार नाहीत अशी पक्की शिवण मारा. ही पट्टी बाहेरच्या बाजूस वाकवून बसवली की गळ्याशी कमान उभी राहते, तिच्यातून बाळ दिसते आणि हवाही खेळती राहते. गळपट्ट्याला दोन डी कड्या (इंग्रजी D च्या आकाराच्या) लावल्यास उंची कमीजास्त करता येते. असे शिवणसाहित्य ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात पाहा.

ऐरोलीची आजी: खालच्या कोपऱ्यात आतून टॉवेलच्या कापडाचा खिसा लावावा, तोंड पुसायला सोयीचा पडतो. मणी, लटकन मात्र नकोत, कारण ती सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. बाळ झोपल्यावर हे आवरण त्याच्यावर पांघरू नये, आणि त्याला आत उकडत असेल तर सरळ बाजूला करावे. बाळाचे पोट भरणे अधिक महत्त्वाचे.