२७२ माणसं विकून कॉलेज तारलं. नुसत्या माफीवर भागतं का?

अळणी_खिचडी
१८३८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकायला काढली. त्यांचं जॉर्जटाउन कॉलेज कर्जात बुडत होतं. विकले गेलेले बहुतेक बाप्तिस्मा झालेले, विकणाऱ्यांच्याच हातून ख्रिस्तप्रसाद घेणारे. कुटुंबं फोडू नका, पैसा कर्जफेडीत घालू नका, अशा अटी रोमहून आल्या होत्या. दोन्ही मोडल्या. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी माफी मागितली, दोन इमारतींची नावं बदलली.
पापनिवेदनाला गेलेल्या चोराला फादर माल परत करायला सांगतातच ना? मग चर्चने स्वतःला सूट का द्यावी? वर्णभेदाला भिडणं ही कॅथलिकांकडे राहिलेली प्रायश्चित्ताची थकबाकी आहे.

फटकळ_फणस
एवढी जुनी मढी उकरून काय मिळणार? आणि चांगलं ते सोयीस्कर गाळलंत. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. सेंट लुइसचे आर्चबिशप रिटर यांनी १९४७ मध्ये कॅथलिक शाळांत काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवलं, कोर्टात जायला निघालेल्या गोऱ्या पालकांना धर्मबहिष्काराची तंबी दिली. शाळांतल्या वर्णभेदाबद्दल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला जाग आली १९५४ मध्ये!

अळणी_खिचडी
रिटर शंभर टक्के मान्य. पण ग्रेगरींच्या पत्राचं काय झालं? चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी अर्थ लावला की निषेध फक्त माणसं पळवून आणण्याच्या धंद्याचा आहे, देशात आधीपासून चालत असलेल्या गुलामीचा नाही. झालं, पळवाट मिळाली. गुलामीत जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन यांना अमेरिकेतली एकही सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शाळा) घेईना. १८८६ मध्ये रोमला जाऊन ते धर्मगुरू झाले.

गप्प_वाचक
मी कॅथलिक, आणि टोल्टन यांचं वाचून जॉर्जटाउनपेक्षा आपलंच आठवलं. भारतीय बिशपांनी २०१६ मध्ये दलित ख्रिस्तींविषयीचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये जातभेद आहे हे कबूल केलं. आमच्या घरी मात्र स्थळ आलं की पहिला प्रश्न अजून 'कुणातले?' हाच. प्रवचनात यावर अवाक्षर नाही.

फटकळ_फणस
ताई/दादा, विषयांतर. मूळ प्रश्न पैशांचा. भरपाई कुणाच्या दानातून? आजचा भाविक म्हणजे कदाचित इटलीहून आलेल्या गवंड्याचा नातू. त्याच्या बापजाद्यांनी कुणाला विकलं?

अळणी_खिचडी
हा प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. रविवारच्या दानाला हात लावू नये. पण विकणारा संघ तोच, विद्यापीठ तेच. जुन्या देणग्या आणि जमीनजुमला वारशाने चालतो, तर जुनं देणंही चालावं. २०२१ मध्ये जेझुइटांनी त्या गुलामांच्या वंशजांसाठीच्या संस्थेला १० कोटी डॉलर द्यायचं वचन दिलंय.

फटकळ_फणस
वचन! हातात किती पडले ते सांगा, मग बोलू.