पॅडलबोर्ड कोणता घ्यावा? (नाशिक, बजेट २५ हजार)

चाकोरीबाहेर: नमस्कार मंडळी. गोव्याला भाड्याच्या पॅडलबोर्डवर (पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी) उभा राहिलो तेव्हापासून वेड लागलंय. आता स्वतःचा हवा. वजन ९२ किलो, पुढे कधीमधी लेक बसेल (वय ६). घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा मुकणे धरणाला जाईन.

उंटवाडीकर: डोळे झाकून ६० हजारांचा घे. मी तोच घेतला. कार्बनचं वल्हं, हातात आहे हेच कळत नाही.

दार्णाकाठ: दादा, बजेट वाचा की. चाकोरीभाऊ, हवेचाच घ्या, बॅगेत घालून पाठीवर नेता येतो. तुम्ही अधिक पोरगं म्हणजे साधारण साडेदहा फूट लांब, ३२ ते ३४ इंच रुंद, जाडी ६ इंच. माझा पहिला ४ इंची होता, उभं राहिलं की केळ्यासारखा वाकायचा. हवा १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते, हातपंपाने शेवटी शेवटी देव आठवतो. वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब.

मिसळसम्राट: गंगापूरला जाताय तर मिसळ येताना खा, जाताना नको. बोर्डातलं कळत नाही.

निवृत्त_अभियंता: 'बॅकवॉटर' काय? फुगवटा म्हणा. आणि ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, आधी पाटबंधारेच्या चौकीवर विचारा.

उंटवाडीकर: काका, विचारलं की नाहीच म्हणतात.

निवृत्त_अभियंता: मग नाही जायचं!

नांदूरनाका: ६ इंचीला +१. पावसाळ्यात नदीत मात्र उतरू नका. दुतोंड्या मारुती (गोदावरीतली मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) बुडायला लागला की काठावर उभं राहून बघायचं. पाणी ओसरल्यावर मी उतरलो होतो, बोर्डाला जोडलेली घोट्याची दोरी बाभळीत अडकली. प्रवाहात खाली वाकून ती सुटत नाही हो! वाहत्या पाण्यात कमरेची, झटक्यात सुटणारी लागते. लाइफ जॅकेट बापालाही.

दार्णाकाठ: आणि जेवायला बसताना फुगवलेला बोर्ड उन्हात ठेवू नका. हवा तापते. माझ्या दुसऱ्या बोर्डाची शिवण अशीच गेली. जायचं ते सकाळी, दुपारी वारा सुटला की बोर्डावर बसून वल्हवत या.

उंटवाडीकर: म्हणून म्हणतो, ६० हजारांचा.

मिसळसम्राट: ६ इंचीच घ्या. (वर सगळे म्हणतायत म्हणून.)

चाकोरीबाहेर: सर्वांचे आभार. मालवणला एकाकडे वापरलेला फायबरचा साडेअकरा फुटी १६ हजारांत मिळाला, घेतला. ओळखीच्या पिकअपमधून आला. जिन्याच्या वळणावर वळेना, म्हणून सध्या पार्किंगमध्ये उभा आहे. सेक्रेटरींची चिठ्ठीही आली. आता चौकीवर विचारायला जातो. मिसळ येतानाच ना?

दार्णाकाठ: _/\_