भिंतीवरची वचने मुलांना दिसेनाशी झाली आहेत

प्रश्न : मोहननगरची आई

जय ख्रिस्त. आम्ही नागपुरात मोहननगर भागात राहतो. थोरली मुलगी नऊ वर्षांची आणि धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे, दारांच्या चौकटींवर ती लिहावीत, अशी जी आज्ञा बायबलमधील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, ती मनावर घेऊन मी दोन वर्षांपूर्वी घरभर वचने लावली. फ्रिजवर, आरशावर, जेवणाच्या टेबलाजवळ, आणि उन्हाळ्यात ज्याच्यासमोर सारे घर बसून असते त्या कूलरवरदेखील ती आहेत. गेल्या आठवड्यात मी मुलीला, फ्रिजवर काय लिहिले आहे, असे सहज विचारले, तेव्हा तिने वचनाच्या शेजारी चिकटवलेला गॅस सिलिंडर बुक करण्याचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. वचन कोणते, हे तिला सांगता आले नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना सासूबाई घेतात. त्यांच्या तोंडी तारण, अनुग्रह, पापक्षमा हे शब्द अगदी सहज येतात, परंतु मुले इंग्रजी माध्यमात शिकत असल्याने ती केवळ डोळे मिटून प्रार्थना संपण्याची वाट पाहत असतात, असे मला वाटते. अशा आठवणीच्या खुणा घरात ठेवाव्यात की नाहीत, आणि ठेवायच्या तर कोणत्या, याविषयी अनुभवी पालकांनी कृपया लिहावे.

उत्तर : रविवारच्या शाळेतील एक शिक्षिका

ताई, जय ख्रिस्त. नागपूरच्याच सदर नावाच्या भागातील एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बावीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवत आहे, त्यामुळे फ्रिजवरच्या वचनांची ही गत मला नवी नाही. रोज दिसणारी वस्तू महिन्याभरात भिंतीचाच भाग होऊन जाते. यहुदी लोकांनी हीच आज्ञा अक्षरशः पाळली, पण ती पाळताना त्यांनी एक शहाणपण दाखवले. ते चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचने लहानशा डबीत घालून ती दाराच्या चौकटीला बसवतात आणि येता-जाता तिला बोट लावतात. या डबीला मेझुझा म्हणतात. ती खूण नुसती पाहण्यासाठी नाही, तिला हात लावावा लागतो. आपल्या कूलरवरच्या कागदाला मात्र कोणी काहीच करत नाही.

आपण अनुवादाच्या सहाव्या अध्यायाचा उल्लेख केलात, म्हणून विनंती करते की त्याच अध्यायातील विसावे वचनही वाचावे. पुढे तुझा मुलगा तुला विचारील की या आज्ञांचा अर्थ काय, असे तेथे म्हटले आहे. निर्गमाच्या बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत, तसेच यहोशवाच्या चौथ्या अध्यायात दोनदा, मुलाचा हाच प्रश्न पुन्हा येतो. म्हणजे मूल विचारणार, हे गृहीत धरलेले आहे. इस्राएली लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर गिलगाल येथे उभारलेले बारा धोंडे त्याच हेतूने होते, कारण नदीतले धोंडे माळावर रचलेले दिसले की मूल त्यांविषयी विचारणारच. आणि अनुवादात त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नियमांची यादी येत नाही. आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो, अशी घरची कहाणी सुरू होते. खूण चांगली की वाईट हे मी आता एवढ्यावरच ठरवते, की ती पाहून मूल काही विचारते का, आणि विचारले तर सांगण्यासारखी गोष्ट आपल्याजवळ आहे का.

नागपुरात अशा खुणा फार दूर शोधाव्या लागत नाहीत. सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेजची पाटी दिसते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. पुढे १८८३ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले गेले. शिक्षण आणि धर्मप्रसार यांबरोबर ते इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासत असत. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. मुलांना ही गोष्ट मी गिलगालच्या धोंड्यांना जोडून सांगते आणि ती त्यांना हमखास आवडते. तसेच रेल्वे स्टेशनवर गेलात तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण काढावी. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाटेने चालताना बोलावे, या आज्ञेचा अर्थ मी तरी असा घेते.

भाषेविषयी एवढेच सांगते की सासूबाईंचे शब्द सोपे करून घेण्याची घाई करू नये. माझ्या वर्गात एका मुलाने विचारले होते की तारण म्हणजे बर्डीच्या बाजारात पाटी असते ते सोने तारण का. वर्ग हसला, पण त्या दिवशीचा पाठ मी बाजूला ठेवला. गहाण पडलेली वस्तू स्वतःला सोडवून घेता येत नाही, दुसऱ्या कोणीतरी पैसे भरून ती घरी आणावी लागते, हे त्या मुलांना इतके नेमके समजले की मला पुढे फार काही बोलावे लागले नाही. सोप्या शब्दाने हा प्रश्न निर्माणच झाला नसता.

उत्तर : जरीपटक्याचा एक बाबा

आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे हाताने करण्याच्या खुणा आमच्याकडे आधीपासूनच आहेत. मुलगी शाळेला निघताना मी तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो. घाईत विसरलो तर ती रिक्षातून उतरून परत येते. नाताळाआधीच्या आगमनकाळात चार रविवारांच्या चार मेणबत्त्याही लावतो. गंमत म्हणजे ही प्रथा मूळची आमची नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या लूथरन पाळकाने गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ कधी येणार, असे मुले त्याला रोज विचारत असत. शिक्षिकाबाईंच्या म्हणण्याला हा आणखी एक दाखला समजावा.

उत्तर : धंतोलीचा जुना विद्यार्थी

वरील मतांशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक सावधगिरीची सूचना करू इच्छितो. माझ्या लहानपणी प्रत्येक गोष्टीला वचन जोडलेले असे. ताटात भात टाकला तर एक वचन, भावाला मारले तर दुसरे, आणि परीक्षेत गुण कमी पडले तर नीतिसूत्रांतील आळशी माणूस व मुंगी ठरलेली. पाठांतराची बक्षिसे मी दरवर्षी मिळवली, मात्र कित्येक वर्षे वचन म्हटले की मला रागावलेला आवाजच ऐकू येत असे. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, हे इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील वचन तेवढे कोणी आमच्या भिंतीवर लावले नव्हते.

त्या काळातली एकच गोष्ट मी आज माझ्या घरात चालवतो. वडिलांची एक लांबट वही होती, किराणा दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशी. डाव्या बाजूला प्रार्थनेची विनंती आणि तारीख, उजव्या बाजूला काय झाले ते, असे ते लिहीत आणि रविवारी उपासनेहून आल्यावर आम्हाला वाचून दाखवत. काही ओळींसमोर उजवी बाजू रिकामीच राहिली. आजी बरी व्हावी, ही विनंती तशीच आहे. त्या रिकाम्या जागेविषयी मी विचारले, तेव्हा वडील पुष्कळ वेळ गप्प राहिले आणि मग, मलाही कळलेले नाही, पण आपण पुढची ओळ लिहू, असे म्हणाले. एवढ्या वर्षांच्या पाठांतरापेक्षा ते उत्तर मला अधिक टिकाऊ वाटते. ताई, आपल्या मुलीच्या हाती अशी वही आणि पेन द्यावे, आणि तिने काय लिहावे हे मात्र तिला सांगू नये.

मोहननगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. वही आणली आहे. मुलीची पहिली विनंती गणिताच्या बाईंची बदली व्हावी अशी आहे, आणि सल्ल्याप्रमाणे मी काही बोललेले नाही.

शनिवारी मी भिंतींवरचे सगळे कागद काढून एका डब्यात ठेवले. तासाभरात धाकटा स्वयंपाकघरात आला आणि ते कागद कुठे गेले, त्यांवर काय लिहिले होते, आणि ते तू का लावले होतेस, असे एकापाठोपाठ विचारू लागला. दोन वर्षांत त्यांच्याविषयी घरात कोणी पहिल्यांदाच काही विचारले. माझे हात कणकेत असल्याने मी त्याला आजीकडे पाठवले. पोळ्या होईपर्यंत सासूबाई त्यांच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या गोष्टीपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि ती गोष्ट मीही तेव्हाच प्रथम ऐकली.