समुपदेशक नेमा, वर्गशिक्षकाच्या गळ्यात ते काम मारू नका

कोरा_कागद (धागाकर्ता)

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आपल्याकडे यावरचा तोडगा ठरलेला असतो: दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, आणि सोमवारपासून भूगोलाचे सर 'समुपदेशक शिक्षक'.

माझा याला विरोध आहे. अंतर्गत गुण, हजेरी आणि पालकांचा नंबर ज्याच्या हातात, त्याच्यापाशी नववीतलं मूल मन मोकळं करत नाही. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग केला होता. मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम एकच; काही शाळांत ते शिक्षकांना दिलं, काहींत खास प्रशिक्षण दिलेल्या बिगरशिक्षक माणसाला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बिगरशिक्षक माणूस होता तिथे दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं घटली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांकडे काम होतं तिथे नुसते नेहमीचे जीवनकौशल्यांचे तास असलेल्या शाळांपेक्षा फरक पडला नाही.

दोनशिक्षकी

नालंदात शिक्षक हरले की वेळापत्रक हरलं? बिगरशिक्षक माणसाला तेवढं एकच काम होतं, शिक्षकाने ते शिकवणं सांभाळून करायचं होतं. इथे तर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, मतदारयादी हे सगळं आधीच आहे.

आणि २० पटाच्या वस्तीशाळेचं काय? 'बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्या' हे कागदावर ठीक. मूल मंगळवारी कोसळतं आणि तज्ज्ञ येतो दुसऱ्या शुक्रवारी. तोवर समोर असतो तो गुरुजीच. डबा न उघडता परत जातोय, बाक बदलून मागतोय, अचानक सोमवारी गैरहजर राहायला लागलाय, हे त्यालाच दिसतं. एखादा दिवस कुणाचाही वाईट जातो. दोन आठवडे तेच चाललं तर विचारायला हवं. इतकं तरी शिक्षकाला शिकवाल की नाही?

कोरा_कागद

ओळखायला जरूर शिकवा. उपचार करायला लावू नका. समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीचे, विशेष शिक्षक एकाच वेळी अनेक शाळा सांभाळतात. समुपदेशकही केंद्रनिहाय, म्हणजे जवळच्या काही शाळांच्या गटाला एक, असा नेमता येईल. वार ठरलेला हवा आणि तो मुलांना माहीत हवा.

सांजवात

दोघंही कोण करणार यावर भांडताय. करायचं काय, यावर थोडं लिहिते.

सगळ्या वर्गाला एकदम डोळे मिटून बसवण्याने फार काही साधत नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत, ११ ते १४ वयाच्या ८ हजारांवर मुलांना सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या शिकवणीपेक्षा सरस ठरले नाहीत. घरी सराव करणारी मुलंच थोडी. शाळांतला 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम मजेचा असू द्या, पण त्यालाच मानसिक आरोग्याचं काम म्हणून अहवालात लिहू नका.

मूल बोलायला लागलं तर:

स्टाफरूममध्ये नको, दार बंद करूनही नको. व्हरांड्याच्या टोकाला, लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही असं बसायचं. 'कोणालाच सांगणार नाही' हे वचन कधीही द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मोडलेलं वचन मूल विसरत नाही. 'कुणाला सांगायचं ते तुला आधी सांगेन' एवढंच म्हणायचं.

शंका आली तर थेट विचारायचं: 'मरून जावंसं वाटतं का?' विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. 'वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?' असं विचारलं की मूल 'नाही' म्हणून मोकळं होतं, कारण उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावायचा. मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्रास घरातूनच होत नसेल तर पालकांना बोलावायचं आणि त्यांच्याशी पहिलं बोलणं फवारणीच्या औषधाचं: आजच कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायचं. जिवावर बेतणारी लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, म्हणून तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं फार मोठं काम करतं.

दोनशिक्षकी

हे सगळं गुरुजीच करणार ना? म्हणजे माझंच म्हणणं.

सांजवात

पहिला तास गुरुजीचा. पुढचे सहा महिने नाही.

कोरा_कागद

आणि मूल बोलतच नसेल तर? 'सेहेर'मध्ये पेटीही होती, मुलं तीत अडचणी लिहून टाकत. आपल्याकडची तक्रारपेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपाई बसतो तिथेच टांगलेली. चिठ्ठी टाकणारा अर्ध्या शाळेला दिसतो.

दोनशिक्षकी

मग स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, तिकडे सगळेच जातात. पण लहान शाळेत अक्षरावरून मूल ओळखू येतं, त्याचं काय? छापील चिठ्ठ्या ठेवा, नुसती खूण करायची: 'मला बोलायचंय', 'मैत्रिणीची काळजी वाटते', 'कोणीतरी त्रास देतं'. वर्गात सगळ्यांना एकेक वाटायची, कोऱ्यासुद्धा सगळ्यांनी टाकायच्या, म्हणजे कोणी वेगळं दिसत नाही. बोलायचं असेल त्याने मागे हजेरी क्रमांक लिहायचा.

कोरा_कागद

हे पटलं. पेटी दर आठवड्याला ठरल्या दिवशी उघडली पाहिजे. महिनाभर बंद राहिलेल्या पेटीत पुन्हा कोणी चिठ्ठी टाकत नाही. किल्ली मात्र शाळेत नको, केंद्राच्या समुपदेशकाकडे.

दोनशिक्षकी

आणि समुपदेशक नेमला जाईपर्यंत?

सांजवात

पेटीची किल्ली सखी सावित्री समितीतल्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीतल्या, शाळेबाहेरच्या सदस्याकडे. समिती नुसती कागदावरच नसेल तर.